विश्लेषण : राज्यांना पैसा मर्जीने की सूत्राने? धनंजयराव गाडगीळ यांनी काय बदलले?

केंद्रीय अर्थसंकल्प सादर झाला की समाजमाध्यमांवर एक तक्ता हमखास फिरू लागतो. कोणत्या राज्यातून केंद्राला किती कर गेला आणि त्या राज्याला परत किती मिळाला, याचा. महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूवाले चिडतात. बिहार, उत्तर प्रदेशवाले आपली गरज सांगतात. या वादात ‘गाडगीळ सूत्र’ हा शब्द अधूनमधून डोकावतो. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत तर त्याची टक्केवारी पाठ करायला लावतात. हे सूत्र ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते धनंजय रामचंद्र गाडगीळ मात्र टक्केवारीच्या मागे हरवले आहेत. नेहरूंच्या मंत्रिमंडळातील काकासाहेब गाडगीळ वेगळे, हे आधी सांगितलेले बरे. ‘सर्च’ केल्यावर दोघांची सरमिसळ सर्रास दिसते.

धनंजयरावांनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला. विकासाचे निर्णय कुठे व्हावेत, राजधानीत की जिथे विकास व्हायचा आहे तिथे? त्यासाठी त्यांनी साखर कारखाना चालवला, बँकांची रचना सुचवली आणि शेवटी दिल्लीत बसून दिल्लीचेच अधिकार कमी करणारा नियम आणला.

सुरुवात कुठून झाली?

जन्म १० एप्रिल १९०१, नाशिकचा. शालेय शिक्षण नागपुरात. पुढे केंब्रिजला अर्थशास्त्राचे शिक्षण. तिथे लिहिलेला भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा प्रबंध १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आला तेव्हा ते २३ वर्षांचे होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या ते पुस्तक वाचत आल्या. परतल्यावर मुंबई सरकारच्या अर्थ विभागात थोडा काळ नोकरी, मग सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद आणि १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालकपद. भारत सेवक समाजाच्या आवारात रावबहादूर काळे यांच्या देणगीतून उभी राहिलेली ही संस्था त्यांनी १९६६ पर्यंत सांभाळली. एकाच संस्थेत ३६ वर्षे.

या संस्थेची कामाची पद्धत पुढचे सगळे समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे. आधी मोजणी, मग मत. पुण्यात फळांची विक्री कशी होते, वाई तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या हाती खर्च वजा जाता काय उरते, पुणे शहरातली कुटुंबे कशावर जगतात, याच्या घरोघर जाऊन पाहण्या झाल्या. आज ‘डेटा’ हा परवलीचा शब्द झाला आहे. तेव्हा पगारी मोजणीदार, छापील तक्ते आणि हाताने केलेली बेरीज एवढेच साधन होते.

प्रवरेच्या कालव्यावर काय दिसले?

यातली एक पाहणी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची होती. कालव्याच्या पाण्याने शेतकऱ्याचा थेट फायदा किती होतो आणि त्या पाण्यामुळे भोवतालच्या परिसरात अप्रत्यक्ष किती उलाढाल वाढते, हे त्यात तपासले गेले. अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात भंडारदरा धरणामुळे पाणी आले होते, ऊस उभा होता. पण उसावर प्रक्रिया करून होणारा नफा खासगी कारखानदारांकडे जात होता आणि गुळाचा भाव पडला की शेतकरी सावकाराच्या दारात. पाणी सरकारचे, जमीन शेतकऱ्याची, कमाई तिसऱ्याची, असा हा प्रकार. १९४५ मध्ये बेलापूर रोड म्हणजे आजच्या श्रीरामपूरला बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते गाडगीळ. शेतकऱ्यांनी स्वतःच कारखाना काढावा, हा विचार तिथे जोर धरू लागला.

तो प्रत्यक्षात आणण्यासाठी लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, भागभांडवल गोळा केले. केंब्रिजचा अर्थतज्ज्ञ आणि जेमतेम शिकलेला शेतकरी, ही जोडी महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासातली सर्वात फलदायी जोडी म्हणावी लागेल. मुंबई राज्याच्या सरकारात सहकाराची जाण असलेले वैकुंठभाई मेहता होते, त्यांचाही हात लागला. प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. सुरुवातीची वर्षे गाडगीळ स्वतः अध्यक्ष होते.

सहकारी कारखान्याला निव्वळ ‘शेतकऱ्यांची कंपनी’ म्हटले की मुद्दा निसटतो. तो अधिकारांच्या विकेंद्रीकरणाचाच एक प्रयोग होता. सरकारने भाग घेतला, औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले. पण ऊस कधी तोडायचा, नफ्यातून काय बांधायचे, हे सभासदांनी निवडलेले संचालक मंडळ ठरवणार. उसाची पैसेवारी वाटून उरलेल्या पैशातून रस्ते, शाळा, दवाखाना उभे राहू लागले. आज प्रवरानगर-लोणी परिसरात अभियांत्रिकीपासून वैद्यकीयपर्यंत महाविद्यालये आहेत. महाराष्ट्रातल्या माझ्यासारख्या हजारो इंजिनीअरांपैकी कित्येकांच्या पदवीचा मूळ पत्ता असा एखाद्या चिमणीखाली सापडतो.

या प्रयोगाची दुसरी बाजूही आहे. पश्चिम महाराष्ट्रात कालव्याचे पाणी आधीच होते, नगदी पीक होते, त्यामुळे स्थानिकांच्या हाती अधिकार आल्यावर त्यांचे चीज झाले. विदर्भ आणि मराठवाड्यातही कारखाने निघाले. पण जिथे पाणी आणि भांडवल नव्हते, तिथे नुसत्या अधिकारांनी तशी समृद्धी आली नाही. शिवाय कारखान्याचे संचालक मंडळ हेच पुढे तालुक्याचे सत्ताकेंद्र बनले. विकेंद्रीकरण झाले की सत्ता आपोआप सगळ्यांपर्यंत पोहोचते असे नाही. ती मुंबईतून निघून लोणी, वारणा, अकलूजला थांबू शकते.

राज्यांच्या प्रश्नाकडे ते कसे वळले?

संघराज्याचा विषय त्यांच्यासाठी नवा नव्हता. स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतर, १९४५ ते १९४८ या काळात भारतीय संघराज्याची घडण आणि घटनेचा मसुदा यांवर त्यांनी सविस्तर लिहिले होते. संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या कामातही ते सक्रिय होते. मुंबईसह मराठी भाषकांचे राज्य आर्थिकदृष्ट्या का योग्य आहे, हे मांडण्याचे काम प्रामुख्याने त्यांच्यासारख्या अभ्यासकांवर आले.

दरम्यान देशाचे नियोजन मात्र दिल्लीत एकवटत गेले होते. नियोजन आयोगाची स्थापना मार्च १९५० मध्ये मंत्रिमंडळाच्या ठरावाने झाली. घटनेत त्याचा उल्लेख नाही. घटनेत आहे तो अनुच्छेद २८० खालचा वित्त आयोग, जो करातला वाटा ठरवतो. पण राज्यांच्या योजनांसाठीचा पैसा नियोजन आयोगामार्फत, अनुच्छेद २८२ च्या आधारे अनुदान म्हणून आणि कर्ज म्हणून जाऊ लागला.

पहिल्या तीन योजनांमध्ये ही मदत योजनानिहाय असे. अडचण कशी यायची, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, पशुसंवर्धनाच्या एखाद्या योजनेवर केंद्र ७५ टक्के अनुदान देते आणि गावच्या रस्त्यांवर २५ टक्के. राज्याला गरज रस्त्यांची आहे. पण तिजोरीत खडखडाट असलेला अर्थमंत्री काय करेल? जिथे आपले २५ पैसे घातले की रुपयाचे काम होते, ती योजना निवडेल. अशा रीतीने राज्याचा प्राधान्यक्रम दिल्लीतल्या अनुदानाच्या दराने ठरे. शिवाय कोणाला किती, हे वाटाघाटींवर अवलंबून. मुख्यमंत्र्याचे दिल्लीत वजन असेल तर पैसा येणार. सात-आठ वर्षे चालणारे धरण बांधायचे तर पुढच्या वर्षी किती मिळणार याचा अंदाज हवा, आणि तोच नसायचा.

जोवर केंद्रात आणि बहुतेक राज्यांत काँग्रेसच होती, तोवर ही भांडणे घरातल्या घरात मिटत. १९६७ च्या निवडणुकीने चित्र पालटले. अनेक राज्यांत बिगरकाँग्रेस सरकारे आली. आधीची दोन वर्षे दुष्काळाची, १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झालेले, चौथी पंचवार्षिक योजना पुढे ढकललेली. अशा वेळी, सप्टेंबर १९६७ मध्ये, ६६ वर्षांचे गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि राज्यसभेचे राष्ट्रपतीनियुक्त सदस्य होते. त्यांच्या आयोगात पुढे राष्ट्रपती झालेले आर. वेंकटरमण, ग्रामीण पतपुरवठ्याचे जाणकार बी. वेंकटप्पय्या, पीतांबर पंत अशी मंडळी होती.

गाडगीळ सूत्र म्हणजे नेमके काय?

राष्ट्रीय विकास परिषदेत, म्हणजे पंतप्रधान आणि सर्व मुख्यमंत्र्यांच्या व्यासपीठावर, १९६८ पासून चर्चा होऊन १९६९ मध्ये हे सूत्र मान्य झाले. चौथ्या योजनेपासून ते लागू झाले. चार वर्षे समीकरणे सोडवलेल्या कोणालाही ते पहिल्या नजरेत फारच साधे वाटेल.

आधी आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर या तीन राज्यांची गरज बाजूला काढायची. उरलेली रक्कम बाकी राज्यांत अशी वाटायची : ६० टक्के लोकसंख्येनुसार; १० टक्के फक्त त्या राज्यांना, ज्यांचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी आहे; १० टक्के करप्रयत्नांनुसार, म्हणजे राज्य आपल्या उत्पन्नाच्या मानाने किती कर गोळा करते ते पाहून; १० टक्के आधीपासून सुरू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी; आणि शेवटचे १० टक्के राज्यांच्या विशेष समस्यांसाठी.

म्हणजे १०० रुपये वाटायचे असतील आणि एखाद्या राज्यात सूत्राखालच्या राज्यांतली एकूण १० टक्के लोकसंख्या राहत असेल, तर पहिल्या निकषातूनच त्याचे सहा रुपये पक्के. मुख्यमंत्री कोणत्या पक्षाचा, याने या सहा रुपयांत फरक पडत नाही. सूत्राची सगळी ताकद या एका वाक्यात आहे, असे मला वाटते.

दुसरा बदल तितकाच मोठा, पण परीक्षांच्या पुस्तकात तो एका ओळीत उरकतात. मदत योजनानिहाय न देता एकगठ्ठा देण्याचे ठरले. ७० टक्के कर्ज, ३० टक्के अनुदान. मग राज्य तो पैसा रस्त्यावर लावो की पशुसंवर्धनावर, प्रमाण तेच. वरच्या उदाहरणातल्या अर्थमंत्र्याला आता अनुदानाच्या दरामागे धावायचे कारण उरले नाही. वर उल्लेखलेल्या तीन राज्यांना मात्र ९० टक्के अनुदान आणि १० टक्के कर्ज. ‘विशेष दर्जाची राज्ये’ या पुढे गाजलेल्या प्रकाराचे मूळ इथे आहे.

तिसरी गोष्ट केंद्रपुरस्कृत योजनांची. दिल्लीत आखलेल्या आणि राज्यांनी राबवायच्या या योजनांचा आकार राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय मदतीच्या एक षष्ठांश ते एक सप्तमांशापुरता ठेवायचा, असेही परिषदेत ठरले. समोरचे दार सूत्राने बंद केल्यावर मागच्या दाराने मर्जी आत येऊ नये, यासाठीची ही कडी होती.

मग सूत्रावर आक्षेप काय होते?

पहिला आक्षेप गरीब राज्यांचा. लोकसंख्येला ६० टक्के वजन दिल्याने श्रीमंत आणि गरीब राज्यांतल्या माणसामागे जवळपास सारखीच रक्कम जाते. गरिबीसाठी खास राखलेले फक्त १० टक्के. समान वाटप झाले, पण दरी कशी बुजणार? श्रीमंत राज्य स्वतःची जादा भर घालून मोठी योजना आखणारच. हा आक्षेप खरा होता आणि आहे. तरी १९६९ मध्ये सगळ्या मुख्यमंत्र्यांच्या सह्या एका कागदावर आणायच्या, तर याहून जास्त फेरवाटप पचले असते का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

दुसरा आक्षेप गणिती आहे. उत्पन्नाच्या निकषात सरासरीची रेषा ही पायरी होती. सरासरीच्या किंचित खाली असलेल्या राज्याला वाटा, किंचित वर असलेल्याला शून्य. दोघांची परिस्थिती जवळपास सारखीच. सुरू असलेल्या प्रकल्पांचा निकषही ज्यांच्याकडे आधीच मोठी धरणे होती त्यांच्या फायद्याचा होता. १९८० मध्ये तो काढून त्याचे १० टक्के उत्पन्नाच्या निकषात मिळवले गेले. १९९१ मध्ये प्रणव मुखर्जी उपाध्यक्ष असताना उत्पन्नाचे वजन २५ टक्क्यांवर गेले आणि त्यातला काही भाग सर्वात श्रीमंत राज्यापासूनच्या अंतरावर मोजला जाऊ लागला, म्हणजे पायरीच्या जागी थोडा उतार आला. गाडगीळ-मुखर्जी सूत्र म्हणतात ते हेच. लोकसंख्येचे वजन मात्र त्यातही ६० टक्केच राहिले.

तिसरी अडचण कर्जाची. ७० टक्के मदत कर्जरूपाने असल्याने राज्ये केंद्राची कर्जदार होत गेली. दवाखाना, शाळा अशा थेट परतावा न देणाऱ्या कामांसाठीही तेच प्रमाण. ही व्यवस्था थेट बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, २००५ च्या सुमारास बदलली आणि राज्ये बाजारातून स्वतः कर्ज उभारू लागली.

राज्याच्या खाली काय?

पैसा मुंबईत किंवा पाटण्यात येऊन थांबला तर विकेंद्रीकरण अर्धेच झाले, हे गाडगीळांना प्रवरेपासून ठाऊक होते. १९६९ मध्येच नियोजन आयोगाने जिल्हा योजना कशी तयार करायची याची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांना पाठवली. महाराष्ट्राने ती बऱ्यापैकी मनावर घेतली आणि सत्तरच्या दशकात जिल्ह्यांसाठी नियोजन मंडळे आली. आज पालकमंत्रिपदावरून जी रस्सीखेच दिसते, तिचे एक मोठे कारण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद हे आहे. जिल्ह्याने आपली योजना आखावी, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात बैठकीत बराच वेळ आमदारांच्या कामांच्या याद्यांवर जातो, हे वार्तांकन करणारा कोणीही सांगेल.

बँकांबाबतही त्यांनी जिल्हाच धरला. राष्ट्रीय पत परिषदेच्या त्यांच्या अभ्यासगटाने ऑक्टोबर १९६९ मध्ये, म्हणजे १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर तीन महिन्यांत, प्रत्येक बँकेने ठरावीक क्षेत्राची जबाबदारी घ्यावी अशी शिफारस केली. त्यातून डिसेंबर १९६९ मध्ये रिझर्व्ह बँकेची ‘लीड बँक’ अर्थात अग्रणी बँक योजना आली. पुणे, साताऱ्याला बँक ऑफ महाराष्ट्र अग्रणी असते, पीककर्जाच्या उद्दिष्टावरून जिल्हाधिकारी तिच्या व्यवस्थापकाला धारेवर धरतात, ती व्यवस्था हीच. पाठ्यपुस्तकात सूत्राला जागा मिळाली. पण रोजच्या व्यवहारात टिकून राहिलेली गाडगीळांची देणगी बहुधा ही आहे.

दिल्लीतला शेवट कसा झाला?

मार्च १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधी प्रचंड बहुमताने परतल्या. नियोजन आयोगाची फेररचना होऊन राजकीय नेतृत्व त्याच्या शिरोभागी येणार हे स्पष्ट झाले. गाडगीळ पदावरून दूर झाले. त्यांच्या जागी सी. सुब्रमण्यम आले. दिल्ली सोडून पुण्याला परतत असताना, प्रवासातच, ३ मे १९७१ रोजी गाडगीळ यांचे निधन झाले. वय ७० वर्षे.

त्यांचे पुत्र पर्यावरण अभ्यासक माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाटविषयक समितीने २०११ मध्ये दिलेला अहवालही, कोणत्या गावात काय व्हावे हे ग्रामसभांना विचारून ठरवा, असेच सांगत होता. राज्यांनी तो फेटाळला. केंद्राकडे अधिकार मागणारी राज्ये गावाला अधिकार देताना हात आखडता घेतात, हे या निमित्ताने पुन्हा दिसले.

सूत्राचे आज काय झाले?

केंद्रपुरस्कृत योजनांवरची एक सप्तमांशाची मर्यादा फार काळ टिकली नाही. प्रत्येक सरकारला आपल्या नावाच्या योजना हव्या होत्या. त्या वाढत गेल्या आणि सूत्राने वाटल्या जाणाऱ्या रकमेचे महत्त्व घटत गेले. २०१५ मध्ये नियोजन आयोगाच्या जागी निती आयोग आला. त्याच्याकडे राज्यांना वाटायला पैसा नाही. चौदाव्या वित्त आयोगाने करातला राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला आणि सूत्राने मिळणारी योजना मदत बंद झाली. पंधराव्या आयोगाने हा वाटा ४१ टक्के ठेवला. हा पैसा राज्ये हवा तसा वापरू शकतात, त्या अर्थाने तो गाडगीळांच्या एकगठ्ठा मदतीचा वारस आहे. पण उपकर आणि अधिभार या वाटपाच्या बाहेर राहतात.

केंद्रपुरस्कृत योजनांत आता बहुतांश राज्यांसाठी ६०:४० आणि ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी ९०:१० असे प्रमाण आहे. म्हणजे १९६९ चे ९०:१० अजून आहे, फक्त ते दिल्लीत आखलेल्या योजनांना चिकटले आहे. आणि २०२०-२१ पासून राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज मिळते. त्यातला काही भाग विनाअट असतो. उरलेला केंद्राने सांगितलेल्या सुधारणा केल्या तरच. कोणत्या सुधारणांना किती रक्कम, हे केंद्रीय अर्थ मंत्रालय दर वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत ठरवते.